कोपऱ्यावरची हळद

मी, प्रमोदिनी शशिधर कानविंदे, वय अडुसष्ट, राहणार हॅरो, लंडन, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे असा माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लिहू नये असा आहे, तो मी मानलेला नाही. १९९१ सालचे मृत्युपत्र रद्द समजावे. मराठीत लिहिलेले चालते, असे वकील म्हणाले. भाषांतर सुनीती करील, ती कोर्टात दुभाषी आहे. तिने माझी वाक्ये गोड करू नयेत.

१. राहते घर माझी एकुलती मुलगी डॉ. उल्का हिला. मागचे सफरचंदाचे झाड तोडू नये, ते ह्यांनी लावले आहे.

२. बँकेत असेल त्यातून आधी माझे अंत्यसंस्कार, मग कलम पाचचा खर्च. उरेल ते उल्काचे.

३. नणंद यमुनावन्सं यांना माझा मोठा कुकर. एकदा पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "सातवी शिकलेली बाई लायब्ररीतून जाड पुस्तकं आणते, म्हणून आमच्या दादाला आमटी खारट मिळते." ती आमटी याच कुकरमधली. राग संपला. पुस्तके मात्र त्यांना देऊ नयेत. ती लायब्ररीला द्यावीत, तिथेच मी इंग्रजी वाचायला शिकले.

४. ह्यांची हत्यारे, म्हणजे सूक्ष्मदर्शक, तीन भिंगे आणि अतिनील दिवा. हे आधी बर्मिंगहॅमला कागदाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. पुढे हॅरोला आल्यावर कागद खरा की खोटा हे ठरवण्यासाठी लोक ह्यांच्याकडे येत. कलम पाच पुरे होईपर्यंत यातले काही विकू नये. मग दिवा सोडून बाकीचे उल्काचे.

५. या कलमासाठीच मी लिहायला बसले आहे.

१९८७ साली युद्धगुन्ह्यांच्या एका चौकशी समितीने ह्यांच्याकडे टाइप केलेली अकरा पाने पाठवली. ती आमच्या भागातले घड्याळदुरुस्तीवाले याकूब झेलमन यांनी समितीला दिली होती. ज्या नाझी अधिकाऱ्याने त्यांच्या गावची माणसे खड्ड्यापाशी उभी करून मारली, त्यालाच युद्धानंतर इंग्रजांच्या एका हेरखात्याने नवे नाव देऊन नोकरीला ठेवले, असे त्या पानांत होते. मेलेल्यांत झेलमन यांची धाकटी बहीण होती. पाने १९४७ची आहेत असे काही म्हणत, बनावट आहेत असे काही म्हणत. तो माणूस तेव्हा जिवंत होता. पाने खरी ठरली असती तर त्याच्यावर खटला उभा राहिला असता.

पाने घरी आणायची नसतात. ह्यांनी आणली, टेबलावर पसरली आणि कामाला बाहेर गेले. त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरात तलवार नाही, नांगर नाही. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या भिंगांचीच पूजा करत आले. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावले आणि त्याच हाताने पानांच्या कोपऱ्यांना हळद टेकवली. कामाला यश येवो, एवढेच मनात होते. मग परक्याचे कागद म्हणून भ्याले आणि ओल्या बोटाने पुसले. जुना कागद मुळात पिवळा, काही दिसेना. ह्यांना सांगायचे राहून गेले.

आठवड्याने ह्यांनी पाने दिव्याखाली धरली. कोपरे चमकले. १९४७च्या सुमाराचा कागद त्या दिव्यात चमकत नाही, चमकणारे द्रव्य कागदात पुढे घालू लागले. ह्यांनी लिहून दिले की पानांवर नंतरच्या काळातले द्रव्य आहे, भरवसा ठेवू नये. समितीने पाने बाजूला टाकली.

झेलमन दारात आले, टोपी हातात. म्हणाले, "मिसेस कानविंदे, तुमच्या नवऱ्याला मी दोष देत नाही. कागद खोटा असेल तर खोटा. पण माझी बहीण खोटी नव्हती." मी चहा दिला. ते प्याले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तो अधिकारी १९९०मध्ये स्वतःच्या बिछान्यात गेला.

१९९१ साली हे गेले. वह्या आवरताना निकालानंतर अकराव्या दिवशी केलेली नोंद सापडली. पाने परत पाठवण्याआधी कोपऱ्याच्या डागाला सोडा लावला, लाल झाला, असे इंग्रजीत. खाली मराठीत एकच शब्द: हळद.

साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हे मला कोणा पुस्तकाने शिकवायला नको होते. मग आठवले. पुढच्या खंडेनवमीला मी ताट घेऊन उभी होते आणि हे आतून म्हणाले, "या वर्षी राहू दे गं." दाराला कडी होती.

ह्यांना कळले होते. तेव्हा झेलमन जिवंत होते. हे गप्प बसले ते मला वाचवायला की स्वतःचे नाव वाचवायला? पाच वर्षे मी तो शब्द ह्यांच्याच भिंगाखाली वाचते आहे. मला ठरवता येत नाही.

उल्काला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, प्लीज, लेट इट गो. बाबांचं नाव जाईल."

"झेलमनांचं काय गेलं, ते माहीत आहे ना तुला?"

"तू मुद्दाम नाही केलंस गं."

"मी नाही. पण बाबांनी?"

ती रडली. मीही. उल्का, तुझ्यावर राग नाही.

म्हणून: ह्यांची ती वही, दिवा आणि या कलमाची प्रत झेलमन यांची मुलगी मिरियम हिला द्यावी. दुसरी प्रत समितीच्या दप्तरात जावी. समितीने परत केलेली पाने मिरियमकडे आहेत. ती माझ्या खर्चाने दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावीत. पाने खरीच आहेत असे मी म्हणत नाही. ती खोटी ठरली ती माझ्या बोटामुळे, एवढे शपथेवर सांगते. उल्काने हे अडवले तर घर मिरियमचे.

६. माझ्या अस्थी ह्यांच्या सोडल्या तिथे सोडू नयेत, असे आधी लिहिले होते. खोडले आहे. तिथेच सोडाव्यात.

७. शुभ-अशुभ काही मनात आणून या कागदाला कोणी हळदकुंकू लावू नये. कोपरे कोरे राहू द्यावेत.

सही: प्रमोदिनी शशिधर कानविंदे

आम्हा दोघांच्या समोर बाईंनी सही केली, त्यांच्या समोर आम्ही केली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार: श्रीकांत बेडेकर, शेजारी
साक्षीदार: नंदा टिपणीस, लायब्ररीतील सहायक

हॅरो, १४ ऑक्टोबर १९९६