बाबा झोपलेत

प्रिय ढब्ब्या,

काल सकाळी तुझ्या दाराशी सायकल टेकवून उभा होतो, आणि तुझ्या सूनबाईनं मान खाली घालून सांगितलं की बाबा झोपलेत. तिला धड खोटंही बोलता येत नाही रे. पडदा हलत होता आणि आतून तुझं खाकरणं ऐकू आलं, शाळेत शेवटच्या बाकावरून फळ्यापर्यंत पोचायचं तेच. झोपेत माणूस घोरतो, घसा साफ करत नाही. त्या पोरीला यात कशाला ओढलंस? मला भयंकर राग आलाय. तो निवायच्या आत लिहायला बसलोय.

तुझ्या घरापर्यंत पोचायला मला किती कष्ट पडले, ते खुर्चीत बसून तुला कळायचं नाही. इतक्या वर्षांनी जिन्याखालून सायकल काढली तेव्हा मुलानं कपाळाला हात लावला. पहिल्याच दिवशी टांग टाकताना पँट सीटला अडकली आणि मी थेट पेपरवाल्याच्या अंगावर गेलो. त्यानं आजोबा, आजोबा करत मला उचललं, हा अपमान निराळाच.

आपण डबलसीट शाळेत जायचो. मी पॅडल मारायचो, तू कॅरियरवर बसून वृत्तं म्हणायचास. सपाटीला धावता भुजंगप्रयात, पुलाच्या चढाला संथ मंदाक्रांता. मास्तरांनी फळ्यावर मांडलेले गण तू माझ्या पोटऱ्यांत उतरवलेस. काल त्या चढावर मी मूर्खासारखा भुजंगप्रयात धरला. तिसऱ्या लगागालाच दम संपला. कठड्याला धरून उभा राहिलो. खाली नदीवर धुकं होतं, अगदी कवितेत असतं तसं, पण माझं चित्त कुठं होतं? गाढवा, वृत्त बदल, असं मागून कुणीतरी ओरडायला हवं होतं. रिकाम्या कॅरियरवरसुद्धा चिडलो मी.

दुखण्यात तुझा डावा पाय लुळा पडला, मान्य. तोंडाला काय झालंय? व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तू घालवून दिलंस. तिनं आणून ठेवलेल्या बसल्या जागच्या सायकलवर म्हणे तुमच्याकडे टॉवेल वाळतात. सबंध वर्गाला चालीत कविता म्हणायला लावणारा तू, आणि आता दिवसभर भिंतीकडे बघत बसतोस. लाज नाही वाटत, असं लिहिणार होतो. पण लाजच वाटते तुला, आणि त्याचाच तर मला संताप येतो. माझ्यापुढे कसली लाज रे?

आता खरं सांगतो. वजन आणि साखर उतरवायला सायकल चालवतो, असं मी घरी सांगितलंय. माझी साखर तुझ्यापेक्षा कितीतरी शहाणी आहे. मागच्या महिन्यात तुझी सून आमच्याकडे येऊन रडली. काका, तुमचं तरी ऐकतील, म्हणाली. नुसत्या बोलण्यानं तू हलणाऱ्यातला नाहीस, म्हणून हे कुरकुरणारे गुडघे घेऊन मी सायकलवर बसलो. घामाघूम होऊन, धापा टाकत तुझ्यापुढे उभं राहायचं होतं मला, म्हणजे दोन्ही म्हातारे सारखेच दिसलो असतो. रविवारी सकाळी परत येतोय. दार तू उघडायचंस. खुर्चीपासून दारापर्यंत यायला लागेल तितका वेळ घे, भिंतीला धर, मला शिव्या दे, मी बाहेर उभा आहे. सूनबाईला मात्र मधे घालू नकोस.

तुझाच, राग अजून तसाच असलेला,
काडी