दादाच्या जीपवरची चादर

बुधवार संध्याकाळ, घोडेगाव, दवाखाना

डोकं अजून तापलंय. दादाचं सकाळपासून एकच चाललं व्हतं, "माझी जीप मिलिटरीची, तोफ ओढलेली. तुझी साधी, बाजारातली." दुपारी आई भाताच्या खाचरात घसरली, पाय मोडला. तेव्हा म्हणतो, "जीप चिखलात न्हाई काढणार. उद्या जुन्नरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन हाय." तोफ ओढली आणि आई जड झाली? जीपवर नवी चादर, नवरीसारखी झाकलेली! निघताना रागानं तीच ओढून घेतली. माझ्या साध्या गाडीनंच फोर-व्हील टाकून आमच्या आहुप्यापासून इथवरचा चिखल तुडवला.

आत्ता त्याचा फोन आला. आई कशी आहे, ते नाहीच. "जीप उघडी पडलीय. चादर कुठंय?"

म्हटलं, "आईच्या अंगावर हाय. ये, काढून ने."