व्हिनेगरविना साक्षगंध

शुक्रवार, ९ जानेवारी

ठरलं. माझ्या बहिणीचं, भूमिकाचं साक्षगंध अठराला, बेसातल्या आमच्याच गच्चीवर. स्वयंपाक मी करायचा. पाहुण्यांनी हॉटेलात माझ्या हातचं खाल्लंय, तेच हवं म्हणतात— मंचुरियन, व्हिनेगरमधले लाल कांदे, आणि जावईबापूंसाठी वाइनच्या सॉसमधले मशरूम.

बाबा दारू सुटावी म्हणून गोळी घेतात. तिच्यावर दारूचा थेंब पोटात गेला तरी छाती धडधडते, उलट्या होतात. डॉक्टरांनी व्हिनेगरही वर्ज्य सांगितलंय. तेव्हापासून त्यांचा गांधीबागेतल्या दुकानावर न्यायचा डबा मीच भरतो, पुड्यांवरचं बारीक अक्षर वाचून.

हे भूमिकाच्या होणाऱ्या सासरी कोणालाच माहीत नाही. पंगतीत बाबा व्याह्यांशेजारी बसणार. एकेक पदार्थ नको म्हणाले तर लोक विचारतील— काहून?

बाबा म्हणाले, "मी वरण-भात खाईन गा. तू टेन्शन नको घेऊ."

मी घेणार.

रविवार, ११ जानेवारी

हॉटेलच्या मालकीण भैरवी मॅडम म्हणाल्या, "अरे, शिजल्यावर वाइन उडून जाते." मी विचारलं, सगळी? "सगळी नाही. दुपारी किचन रिकामं असतं, करून पाहा. मशरूम माझ्याकडून."

कारण विचारलं नाही. बारावी नापास झालो तेव्हा कामावर घेतलं, तेव्हाही काही विचारलं नव्हतं.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

कांदे जमले. लिंबू, मीठ, साखर, रंगाला बिटाचा तुकडा. सोया सॉसची बाटली वाचली, तर त्यात व्हिनेगर. टोमॅटो सॉसमध्येही! मंचुरियनला चिंचेचा कोळ आणि काळपट जाळलेली साखर घातली. चालेल.

मशरूम फसले. कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या काळ्या द्राक्षांचा रस आटवला— नुसता गोड. भूमिका चाटून म्हणाली, "दादा, यात सब्जा टाक. उन्हाळ्यात सरबताची गाडी लावू."

शुक्रवार, १६ जानेवारी

हुशारी नडली. ऐन वेळी घाई नको म्हणून द्राक्षांचा रस काढून, फडकं बांधून शेगडीजवळ ठेवला होता. आज पाहतो तर वर फेस, आणि तो वास. बाबांना जपायला निघालो आणि घरातच दारू आंबत ठेवली! मोरीत ओतला. पातेलं घासून पुन्हा घासलं.

आई म्हणाली, "तुये हात हुंगून कोणाले वाटंल, पोरगाच पिऊन राहिला." मग डब्यातून आंबाडीची वाळलेली फुलं काढून दिली. "आंबट पाह्यजे नं तुले?"

फुलं उकळली. वाइनसारखं तोंड जरा आवळावं म्हणून थोडा कडक कोरा चहा. वर आत्ताच काढलेला द्राक्षांचा रस. जमलं! आईचं कौतुक केलं तर म्हणाली, "कौतुक राहू दे, मोरी धू."

शनिवार, १७ जानेवारी

मॅडमनी मोठी कढई दिली. उद्याची सुट्टीही— पगार न कापता.

रविवार, १८ जानेवारी

पंगत बसली. व्याही रुपरावजी प्रेमळ माणूस. वाढणाऱ्याच्या हातून भांडं घेऊन त्यांनी स्वतःच बाबांच्या ताटात मशरूम वाढले, वर कांदे. "घ्या नं, व्याही. पोरानं केलं अन् तुम्हीच लाजून राहिले?"

बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

खाल्लं. मग मागून घेतलं.

जे सगळ्यांच्या ताटात, तेच बाबांच्या ताटात. किती दिवसांनी. माझे डोळे भरले, आणि हातात कांदाही नव्हता.

मंगळवार, २० जानेवारी

गोळ्या बाबा स्वतःच आणतात. आज मी मेडिकलकडे निघालो होतो, म्हणून चिठ्ठी मागितली.

"राहू दे गा. डॉक्टरानं दसऱ्यालेच बंद केली."

म्हणजे दसऱ्यापासून बाबा आपल्या बळावर राहिलेत. मला कळलंही नाही. मग सांगितलं काहून नाही?

बाबा बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले.

"तू रोज एकेक पुडी वाचून माया डबा भरून राहिला होता. ते बंद होईन म्हणून भेव वाटलं."