काकाचं पान

मंगळवार, संध्याकाळ

मेलेला माणूस आज दुपारी आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर जेवून गेला.

बाबा माझ्या लहानपणापासून सांगत आले की त्यांचा धाकटा भाऊ गेला. दर पितृपंधरवड्यात ते गच्चीवर दोन पानं ठेवायचे. आजोबांच्या पानाला कावळा शिवला की हात जोडायचे. काकाच्या पानाला मात्र, त्याची आवडती अळूवडी ठेवूनही, कधीच शिवायचा नाही. शिवणार कसा? काका नागपुरात धडधाकट! भांडून घर सोडलं म्हणून बाबांनी त्याला मारूनच टाकलं? आणि आईलाही हे माहीत होतं?

माहीत असणारच. तरी आज गडबडीत तिने त्याचं ताट नेमकं दक्षिणेकडे तोंड येईल असं मांडलं, पितरांचं मांडतात तसं. लक्षात आल्यावर फिरवायला धावली.

"राहू द्या वहिनी," काका म्हणाला, "सवय झाली असेल तुम्हाला."

बाबा खिडकीशी उभं राहून त्या ताटाकडे बघत होते, गच्चीवर बघायचे अगदी तसेच. काकाने अळूवडी उचलली, तोंडात टाकली.

आणि बाबांनी हात जोडले.