तुला न सांगितलेलं दुखणं

नागपूर, दवाखान्यातून

प्रिय भूपेंद्र,

गावच्या सप्ताहात चौथ्या दिवशी सकाळी सहा ते आठ माझा वीणेचा पहारा होता. आठ वाजून गेले तरी पुढच्या पहाऱ्याचा राजकुमार आला नाही. पुढच्याच्या गळ्यात घातल्याशिवाय वीणा उतरवता येत नाही, तुला ठाऊकच आहे. साडेसातपासून लघवीची कळ होती. डोळे मिटून नाम घेत उभा राहिलो, पण शरीरानं ऐकलं नाही. राजकुमार धावत आला तेव्हा धोतर ओलं झालं होतं. "काय जी भोजराजभाऊ, तांब्या सांडला काय?" तो हसला. मी हो म्हटलं. देवासमोर खोटं बोललो, तेही तशा कपड्यांत वीणा धरून. महिनाभर देवळाची पायरी चढलो नाही.

त्रास वर्षभराचा होता. तुझ्या वहिनीनं, भावनानं विचारलं की साखर वाढली असेल म्हणायचो. शेवटी तिनंच भंडाऱ्याला नेलं. रक्त तपासलं, मग नागपूरला तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कर्करोग. लघवीचा त्रास वाढलेल्या ग्रंथीचा होता. गाठ मुकीच होती, तपासलं म्हणून सापडली. ती अजून ग्रंथीच्या आतच आहे, काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तरी दीड महिना मी हो म्हटलं नाही. लघवीवर ताबा राहील का, नवरा म्हणून उरेन का, हे विचारायलाही जीभ उचलेना. भावनाच म्हणाली, "तुमी राहा फक्त, बाकीचं पाहून घेऊ." सोमवारी ऑपरेशन झालं. पोटाला पाच-सहा बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीनं. दुसऱ्या दिवशी चाललो. नळी आहे अजून.

भरती होताना डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? बाबा हाडं झिजून गेले, असं मीच तुला सांगितलं होतं. त्यांच्या हाडात हेच पोचलं होतं. "भूपेंद्रले सांगू नोको, त्या जागचं दुखणं हाये," म्हणत त्यांनी तुळशीवर माझा हात ठेवून घेतला. पंचेचाळिशीनंतर मुलांनी तपासत जावं, असं त्यांचे डॉक्टर तेव्हाच बोलले होते. सात वर्षं मी ते तुझ्यापासून लपवलं, स्वतःपासूनही. तू आता शेहेचाळीसचा आहेस. काही त्रास नाही म्हणून थांबू नकोस, डॉक्टरांना बाबांचं आणि माझं सांग, रक्त तपासून घे. बाबांना दिलेला शब्द मी आज मोडला आहे.

तुझा मोठा भाऊ,
भोजराज