समोरून पाहिलेली खुर्ची

११ नोव्हें., मंगळ.
क. गावाला जाऊन आलो. गेलो होतो एका जुन्या पेटीसाठी, ती निघाली पत्र्याची. पेट्रोल फुकट गेलं म्हणून चरफडत परत निघालो, तर बौद्ध वस्तीत एका ओसरीवर खुर्ची दिसली. हातांची, पाठीवर वेलपत्ती, वर मधोमध कळस. अंगभर निळा ऑइलपेंट. पेंटखाली असली तरी माझी नजर चुकत नाही. निजामाच्या काळातली तहसील कचेरीची खुर्ची. इतक्या वर्षांत अशा चारच पाहिल्या.

मालकीण वत्सलाबाई, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, "माज्या आज्यानं केलेली हाय. माजा बाप मास्तर झाला तवा. द्यायची न्हाई."

मी हसलो. "बाई, असली कुसर तुमच्याकडं कुठली? ही कचेरीची आहे. सरकारी सामान. आजवर कुणी विचारलं नाही हे नशीब समजा."

म्हटलं तर गंमत. धंद्यात वस्तूला थोडं खाली आणावंच लागतं. ओसरीवर चारपाच बाया बसल्या होत्या, त्यांनी वळून बाईंकडं पाहिलं. वत्सलाबाईंनी खुर्चीवरची वाळत टाकलेली साडी उचलली. "न्या मग. सरकारची आसंल तर घरात कशाला ठिवायची." मी दिले तेवढे पैसे न बघता कमरेला लावले.

गाडीवर बांधताना आनंद मनात मावत नव्हता.

१४ नोव्हें.
शेडमध्ये पेंट खरवडायला घेतला. चिवट. तीन वेळा दिलेला आहे, दर वेळी निळाच. खाली पाठीला सागवान, सुरेख. पाय मात्र बाभळीचे. वहीत नोंद केली : पाय नंतर बदललेले.

सौ. सुमन म्हणाली, "निळी बरी दिसत होती." म्हटलं, तुला यातलं काय कळतं.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी उन्हात खुर्ची उलटी केली. खिळा एकही नाही, सगळीकडं लाकडी खुंट्या. पायातल्या खुंट्या बाभळीच्या. पाठीतल्याही बाभळीच्या. एकाच हातानं तासलेल्या. म्हणजे पाय बदललेले नाहीत. अख्खी खुर्ची एकदाच केलेली, मिळेल त्या लाकडाची. पाठीचा साग एखाद्या मोडक्या चौकटीचा, बिजागरीच्या स्क्रूची भोकं बुजवलेली सापडली.

मग मागची बाजू पाहिली आणि तिथंच बसलो.

समोरून कचेरीची खुर्ची हुबेहूब. वेल, कळस, हातांचा बाक, सगळं. मागून भलतीच. कचेरीच्या खुर्चीला पाठीमागं दोन आडव्या पट्ट्या असतात. हिला एकच, तिरपी, आपल्या मनानं बसवलेली. भक्कम आहे, पण तशी नसते. ज्यानं ही केली त्यानं कचेरीची खुर्ची मागून कधी पाहिलीच नाही. निरोप घेऊन कचेरीत गेला असेल आणि दाराबाहेर उभा राहिला असेल. आत कोण घेणार त्या काळी. दारातून जेवढी दिसली तेवढी डोळ्यांत भरून घरी आला आणि उरलेली आपल्या डोक्यानं जोडली.

आज्यानंच केली. बाई खरं बोलत होत्या.

आणि मी त्यांच्या ओसरीवर उभा राहून "तुमच्याकडं कुठली" म्हणालो. तुमच्याकडं. हा शब्द तोंडातून किती सहज गेला. लाकूड ओळखायला शिकलो, शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलं, पोरांना म्हणायचो हात सगळ्यांना सारखेच असतात. लाज वाटते.

१९ नोव्हें.
हैदराबादहून मोईनभाईचा फोन. माझा बहुतेक माल तोच उचलतो. फोटोवरच खूष. "मास्टर, चीज लाजवाब है. चिठ्ठी भेजो."

चिठ्ठी म्हणजे वस्तू कुठली, कुणाच्या घरची. माझ्या सहीची चिठ्ठी असली की पुढं कुणी प्रश्न विचारत नाही. नेहमी काय लिहितो ते ठरलेलं. कचेरीला गिऱ्हाईक नाही, घराण्याला आहे.

दोनदा पेन उचललं, ठेवलं. मग लिहिलं : 'देशमुख घराणे, सेलू तालुका. सुमारे शंभर वर्षे जुनी.' अक्षर वळणदार. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे.

कुणी हात धरला नव्हता. खरं माहीत असून लिहिलं. हे इथं तरी लिहून ठेवतो.

२२ नोव्हें.
खुर्ची टेम्पोत गेली. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

३ डिसें., बुध.
दुपारी अनोळखी नंबर. "सर, मी करुणा, क. गावच्या वत्सलाबाईंची मुलगी. जिंतूरला शाळेवर आहे." आवाज अदबशीर. "एक विचारायचं होतं. आईनं ओसरीवर बसणं सोडलंय. बाया आल्या की आत जाती. रोज फोनवर मला एकच इचारायली, आज्यानं कचेरीतून उचलून आणली आसंल का गं. सर, तुम्ही जाणकार आहात. खरंच सरकारी होती का?"

"बघून सांगतो" म्हणालो. बघायचं काय राहिलंय? खुर्ची हैदराबादला, खरं काय ते माझ्या खिशात. तरी "बघून सांगतो".

"थँक्यू सर," म्हणाली.

मला वाटलं होतं मी एक वस्तू स्वस्तात आणली. मी त्या बाईच्या आज्याला चोर करून आलो.

६ डिसें., शनि.
हिय्या करून गेलो. वस्तीत सगळे पांढऱ्या कपड्यांत, विहाराकडं निघालेले. तेव्हा लक्षात आलं आज कोणती तारीख आहे. देशभर लोकांना ठाऊक असते, मला नव्हती. एका म्हाताऱ्यानं ओळखलं. "आज काय घ्यायला आलाव, गुरुजी?" खोचकपणे नाही, सरळच विचारलं. मी येतोच काही घ्यायला.

गाडी वळवली.

९ डिसें.
मोईनभाईला फोन केला. खुर्ची परत हवी म्हटलं. विकून झाली, एका हॉटेलात दर्शनी ठेवलीय, शेजारी देशमुख घराण्याची पितळी पाटी. म्हटलं, पाटी चुकीची आहे, बदलायला सांगा.

तो शांतपणे म्हणाला, "मास्टर, लिखके देव, पहिली चिठ्ठी झूठी थी. मी लावतो नवी पाटी. पण मग लोग पूछेंगे, बाकी चिठ्ठ्यांचं काय?"

बाकी चिठ्ठ्या. त्यातल्या किती खऱ्या, ते मोजायला बसलो आणि उठलो.

सुमनला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "खुर्ची मोईनभाईनं न्हाई नेली त्या घरातून," एवढंच म्हणाली.

११ डिसें., गुरु.
गेलो. वत्सलाबाई आत चुलीपुढं बसलेल्या. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, आत या म्हणाल्या नाहीत आणि मीही गेलो नाही. या वेळी आक्का म्हटलं. पाय, खुंट्या, मागची तिरपी पट्टी, सगळं सांगितलं. "आक्का, तुमच्या आजोबांनीच केलीय. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चुकलो."

ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "निळा रंग?"

"काढला."

"बापानं दीक्षा घेतली तवा दिला व्हता पयला. मग मी दिला. दोनदा." चुलीत लाकूड आत सारलं. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना म्हटलं, नवा कागद लिहून देतो, त्यावर आजोबांचं नाव घालतो. नाव काय होतं?

तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "त्या दिशी चारचौघींम्होरं बोललाव. आज एकटीच्या कानात सांगायलाव व्हय? रईवारी विहारात समदी आस्त्यात. तिथं बोला. मंग नाव सांगते."

नाव विचारायला मला महिना लागला, हे त्यांनाही कळलं असणार.

१४ डिसें., रवि.
तयार झालो. गाडी काढली. वालूरच्या फाट्यापर्यंत गेलो. तिथं चहा घेतला, आणखी एक घेतला. काय बोलायचं ते पाठ होतं, पण ऐकणाऱ्यांत तो म्हातारा असेल, त्या दिवशीच्या बाया असतील, माझ्या वर्गात बसलेली दोन पोरंही असतील, आता बापे झालेली. परत आलो. सुमनला सांगितलं गाडी पंक्चर झाली. तिनं चाकाकडं पाहिलं.

बासष्टाव्या वर्षी पंक्चरची थाप.

१७ डिसें.
करुणाचा मेसेज : 'सर, आई विचारत होती, गुरुजी आजारी आहेत का.'

उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं : 'नाही. भ्यालो होतो.' पाठवलं. वाचल्याची खूण आली.

२० डिसें., शनि.
कागद तयार केला. तीन प्रती : एक मोईनभाईला, एक हॉटेलवाल्याला, एक आक्कांना.

'मी दिलेली पहिली चिठ्ठी खोटी आहे. ती खोटी असल्याचे लिहिताना मला माहीत होते. सदर खुर्ची कोणत्याही घराण्याची अथवा कचेरीची नाही. क. गावी, मुलगा शिक्षक झाला म्हणून त्याच्या वडिलांनी घरी केलेली आहे. निळा रंग घरच्यांनी दीक्षेपासून दिलेला होता, तो मी काढला.'

खाली सही केली. सुमननं वाचलं. उद्या विहारात मीही येते म्हणाली, गाडीवर मागं बसेन. मला परत वळू द्यायचं नाही, हे उघड आहे.

सहीच्या वर एक ओळ आहे. 'कारागीर :' एवढंच लिहिलंय. पुढं जागा सोडलीय.