घागर कॉइन

३ मार्च, सोमवार
नातू स्वरूप बेळगावहून आला, तोंड पाडून. फोनातलं कॉइन पडलं म्हणे. म्हटलं, कुठं पडलं, शोधूया. तर हसतोय. दिसत न्हाय, वाजत न्हाय, मागं सोनं न्हाय. मग किंमत कशाची? म्हणतो, आज्जी, थोडी हायत आणि सगळ्यांना पायजेत, म्हणून. एवढ्यासाठी ह्याला इंजिनेर केला.

४ मार्च
बिड्या वळताना डोकं चाललं. थोडं हाय आणि सगळ्यांना पायजे असं माझ्याकडं एकच: नळावरचा पहिला नंबर. गल्लीला नळ एक, पाणी रविवारी तासभर. बायका पहाटे घागरी ओळीनं मांडतात. पहिली निळी घागर माझी, बत्तीस वर्षं. हात लावायची कुणाची हिंमत न्हाय.
नात माधवीच्या फोनातनं घागरीचा फोटो काढला. फोटो जिच्याकडं, ती रविवारी माझ्यापुढं. नाव घागर कॉइन. पाचच काढायची. शपथ.

५ मार्च
पहिलं शेजारच्या मंगलला. बदल्यात तिनं माझ्या दोनशे बिड्या वळल्या. दुसरं दिव्याला, पावशेर काकवीवर. दुपारभर नुसती बसले. श्रीमंत माणसांना कंटाळा कसा येत न्हाय?

७ मार्च
अकरा गेली. त्यातली सहा नात्यातली, ती धरायची न्हाईत. म्हणजे पाचच.

८ मार्च
समोरच्या चंपाबाईनं कळशी कॉइन काढलं. फोटो दाखवा, तिच्या बोरचं कळशीभर पाणी न्या. लई हसले. कॉइनच्या मागं खरंच पाणी ठेवलंय, येडी. मागं काही नसावं लागतं, एवढं पण कळत न्हाय.

१२ मार्च
रविवारी पाइप फुटला, नळ आलाच न्हाय, कॉइनं वटायची राहिली. एका कळशीला तीन घागर असा दर झाला. मंगल आता एका कॉइनला पन्नासच बिड्या वळते. उपाय सापडला. दर पडला की जास्त काढायची, बेरीज तीच. वीस काढली.
१६ ला माधवीला बघायला कोल्हापूरचे पाव्हणे येणार. त्याच दिवशी नळ. घरात पाणी पायजे. काळजी न्हाय, नंबर आपलाच.

१४ मार्च
गल्लीच्या टोकाच्या भरमूच्या सुनेकडं माझं कॉइन. मी दिलंच न्हवतं. म्हणाली, ग्रुपवर आलं, मंगलआक्कानं टाकलं.
बिडी दिली की गेली. फोटो दिला तरी देणारीकडं राहतोच, हे मला कुणी सांगायचं न्हाय? असू दे. गावभर नाव झालं.

१६ मार्च, सकाळी
नळावर सत्तेचाळीस बायका, सगळ्यांचे फोन वर. सांगितलं, खरी कॉइनं पाचच. मंगल म्हणाली, आज्जी, माझं खरं. दिव्या म्हणाली, तिचाच फोटो सगळ्यांकडं हाय, मग सगळ्यांचंच खरं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, फोटोवाल्या पुढं, बिनफोटोवाल्या मागं. बिनफोटोची मी एकटी. माझा फोन बटणाचा. माधवी घरात साडी नेसत होती, तिचा फोन तिच्याजवळ.
तिसाव्या बाईपाशी नळाचं पाणी गेलं.

तोच दिवस, अकरा वाजता
पाव्हणे बाराला. घरात अर्धा तांब्या. चंपाबाईकडं गेले. चार कळश्या मागितल्या. कॉइन नको म्हणाली. रुपये देते म्हटलं, ते पण नको. निळी घागर दे म्हणाली.
दिली. प्लास्टिकच तर हाय.

संध्याकाळी
पाव्हण्यांनी बोरच्या मचूळ पाण्याचा चहा एकेक घोट घेतला. मग कळवतो म्हणाले.

२२ मार्च
कोल्हापूरहून फोन न्हाय. रेंज नसेल.
स्वरूप म्हणाला, आज्जी, आता तुझ्या कॉइनच्या मागं घागर पण न्हाय. म्हटलं, म्हणजे आता खरं कॉइन झालं. उद्यापासनं भाव चढणार.

२३ मार्च, रविवार
बायकांनी फोटो पुसून टाकले. पुन्हा घागरीच मांडल्या. पहिल्या नंबरला निळी, तिच्यामागं चंपाबाई कमरेवर हात ठेवून. मी बादली घेऊन अठ्ठेचाळिसावी. पुढं जाऊन घागर जरा सरकवायला लागले, तर मंगल म्हणाली, आज्जी, त्या घागरीला हात लावायचा न्हाय.